दक्षिण दरवाज्याची फत्ते

आत्याबाईसाहेब गुडघ्याचे कारणे घरीच तळ देऊन असतात आणि तेथोनच तमाम नातेवाइकांचा बंदोबस्त फोनवर राखितात. त्यांचा हुकूम या जावयास आला तो ऐसा: "बाकी सगळे मला नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणून टोलवतात. माझ्या भावाच्या पोटात नेमकं काय झालं ते तू सांग. आणि काही गाळू नकोस." हुकूम शिरसावंद्य. ऐशियास, जे डोळ्यांनी देखिले, जे कानांनी ऐकिले, आणि जे मनुष्याच्या पोटात शिरल्यावाचोन कळत नाही तेही, थोडे सर्जनसाहेबांस विचारोन आणि बाकीचे आपल्या अकलेने जाणोन, येथे सविस्तर नमूद केले आहे. मजकूर पोटाचा आहे, तेव्हा नाजूक मिजाजीच्या मंडळींनी आधी जेवोन मग वाचावे, अगर आधी वाचोन मग जेवावे, परंतु दोन्ही एकदम करू नये.

प्रथम खाशांची वार्ता. ग्रंथपालसाहेब, म्हणजे आत्याबाईसाहेबांचे धाकटे बंधू आणि या जावयाचे सासरे, यांनी आपली सारी उमर वाचनालयाच्या वाचनकक्षावर हुकमत करण्यात घालविली. त्यांचा अंमल मोठा जरबेचा. कोणी शिंकावयास तोंड उघडावे, आणि साहेबांची तर्जनी वर व्हावी, आणि मग ती शिंक आल्या वाटेने मुकाट परत जावी. त्या दरबारात सर्वांत भारी गुन्हा म्हणजे खुर्ची ओढणे. खुर्ची उचलोन मागे ठेवावी, उचलोन पुढे घ्यावी, आणि ज्याच्या हाताने ती फरशीवर कर्कश वाजली त्याचे कार्ड तेच दिवशी जप्त व्हावे, मग तो वकील असो अगर खुद्द वाचनालयाचा अध्यक्ष असो, मुलाहिजा नाही.

घरीही कायदा तोच, वरतोन एक कलम ज्यादा. मनुष्याच्या देहातून वरच्या अगर खालच्या वाटेने जो काही आवाज निघेल, तो निघालाच नाही ऐसे समजावे. साहेबांनी स्वतः हे कलम कसोशीने पाळिले, परंतु साहेबांच्या पोटास हे कलम कोणी वाचोन दाखविले नव्हते. पोट आपल्या मर्जीचे मालक. जेवण जाहले, घटका गेली, आणि खाशांचे दक्षिण दरवाज्यावर तोफ वाजली, ऐसा प्रकार या जगात सर्वांकडे होतो तैसा साहेबांकडेही होई.

तेव्हा बाईसाहेबांनी, म्हणजे या जावयाच्या सासूबाईंनी, नवी नवरी असतानाच एक तोड काढिली. तोफेचा रंग दिसू लागला, की बाईसाहेबांनी जवळची खुर्ची फरशीवर खर्रकन ओढावी, आणि त्या आवाजात तोफेचा आवाज बुडवोन टाकावा. आणि ज्या साहेबाने वाचनालयात खुर्ची ओढणारांस पळता भुई थोडी केली, त्याने आपल्या घरात रोज ओढिल्या जाणाऱ्या खुर्चीबद्दल कधी ब्रही काढिला नाही. जेवणाच्या टेबलापाशी फरशीवर चरे पडोन पडोन चंद्रकोर उमटली आहे, ती या जावयाने लग्नानंतर पहिल्याच भेटीत देखिली आणि कारण विचारिले, तेव्हा घरातील सर्वांनी खिडकीबाहेर पाहिले. दोघा नवराबायकोंत हा तह ऐसा चालला की त्याविषयी एक शब्द कधी उच्चारला गेला नाही. हे कलम ध्यानात धरावे, पुढील सारा अनर्थ याच्याच पोटी आहे.

आता किल्ल्याचा, म्हणजे साहेबांच्या देहाचा, तपशील. ज्या दिवशी पोटात बंड जाहले त्या दिवशी सकाळी साहेबांनी लोणी लावोन टोस्ट खाल्ला, तो त्यांचा शेवटचा सुखाचा घास, तेव्हा त्याच्याच पाठोपाठ चालत गेले म्हणजे सारा मुलूख नजरेखालून जातो. मुखाचा महादरवाजा उघडला, टोस्ट आत आला, आणि दातांचे शिलेदार त्यावर तुटोन पडले. शिलेदारांपैकी दोघे साहेबांच्या वयोमानाने कामी आले असोन त्यांचे जागी दवाखान्यातील बदली माणसे भरिली आहेत, तीही बरी झुंजतात. जिव्हाबाई ही दरबारची भाट. तिने "लोणी कमी आहे" ऐसा शेरा मारिला आणि घास उलथापालथा केला, आणि लाळेने त्यास भिजवोन त्यातील पिठुळ भागाची साखर करावयास तेथेच आरंभ केला. मग घास गळ्याशी आला. येथे दोन वाटा फुटतात, एक वाऱ्याची आणि एक अन्नाची, आणि वाऱ्याच्या वाटेवर एक झाकण तैनात आहे. घास येताच ते झाकण खाली पडते. जे जेवताना बडबड करितात त्यांचे झाकण गोंधळोन जाते आणि ठसका लागतो, परंतु साहेब जेवताना बोलत नाहीत, म्हणोन ते झाकण आजवर विनातक्रार चाकरी करीत आले आहे.

पुढे अन्ननलिकेचा घाट. अनेकांचा समज ऐसा की घास तेथोन आपल्या वजनाने गडगडत खाली जातो. गोष्ट तैसी नाही. घाटाच्या भिंती मागोन आवळतात आणि पुढे सैल होतात, आणि ऐसे रेटीत रेटीत घासास खाली पोहोचवितात. साहेबांस उलटे टांगिले असते तरी टोस्ट पोटाकडेच गेला असता, फक्त साहेबांनी ती तजवीज मंजूर केली नसती.

मग जठराचा कारखाना. येथील तेजाब ऐसे जालीम की लोखंडाचा खिळाही कुरतडावा. मग जठर आपणच का जळत नाही, ऐसा सवाल या जावयाने सर्जनसाहेबांस केला, तेव्हा कळले की जठर आतोन बुळबुळीत लेपाचा अंगरखा घालोन बसते, आणि तो अंगरखा नित्य नवा करिते. तेथे टोस्ट घुसळोन घुसळोन त्याची कांजी केली गेली, आणि मग खालच्या चौकीवरील नाकेदाराने ती थोडी थोडी पुढे सोडिली. हा नाकेदार मोठा खट. कितीही गर्दी होवो, तो एका वेळी चमचाभरच सोडितो, आणि लोणी तुपाचा माल असला तर त्याहून उशीर लावितो.

लहान आतडे नावाने लहान, परंतु लांबीने वीस फुटांवर, आणि वेटोळे घालोन पोटात ऐसे बसविले आहे की पाहणाराने चकित व्हावे. खरी कमाई येथेच. यकृत नामे दिवाणांनी तयार केलेले आणि पित्ताशयाच्या थैलीत राखोन ठेविलेले पित्त येथे येऊन लोण्याची फूट करिते, आणि स्वादुपिंड नामे अबोल सरदार आपला रस धाडोन जठराच्या तेजाबाची मस्ती उतरवितो आणि उरल्या अन्नाचे बारीक तुकडे करितो. मग आतड्याच्या अंगावरील मखमलीचे तंतू जे जे कामाचे ते शोषोन घेतात, आणि रक्ताच्या डाकेने बहुतेक सारे प्रथम दिवाणांकडे रवाना करितात. उरला गाळ मोठ्या आतड्यात जातो, तेथे त्यातील पाणी काढोन घेतात. तेथे जंतूंची अफाट वसाहत आहे. ती परकी मंडळी आपल्याच घरात बिनभाड्याने राहतात, जे आपणास पचले नाही ते खातात, आणि खाऊन झाल्यावर वायू सोडितात. म्हणजे तोफेची बहुतेक दारू तेथे तयार होते, खाशांचा त्यात काही अपराध नसतो. हे साहेबांस कोणी तरुणपणीच सांगितले असते तर पुढचे बरेच टळले असते.

आता बंडाची हकीकत. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात त्याच्या खालच्या अंगास अपेंडिक्स नामे एक जागीरदार राहतो. आकार करंगळीएवढा, आणि त्याच्यावाचोन दरबाराचे काही अडल्याचे आजवर ऐकिवात नाही. या जागीरदाराने त्या दिवशी अंगात वारे भरल्यागत केले. आरंभी बेंबीपाशी कळ, मग कळ सरकोन उजवे अंगास खाली, मग ताप, मग ओकारी. साहेबांनी दुपारपर्यंत सारे पोटातच ठेविले, आणि बाईसाहेबांनी विचारिले तेव्हा "किंचित अस्वस्थ वाटते" इतकेच बोलले, त्या वेळी ते जमिनीवर बसोन पलंगाचा पाय दोन्ही हातांनी धरोन होते. मग या जावयास फोन आला, मोटार आली, आणि स्वारी इस्पितळी दाखल जाहली. सर्जनसाहेबांनी पोटावर बोटे टेकविताच साहेबांच्या तोंडून वाचनकक्षात न शोभणारा स्वर निघाला, आणि मोहिमेचा निर्णय तेथेच जाहला. पोट उघडोन पाहतात तो जागीरदार फुटावयाच्या बेतास आलेला. त्यास मुळासकट कापोन काढिला, आसपासची आतडी हाताने बाजूस सारोन धुतली, आणि टाके घालोन किल्ला पुन्हा बंद केला.

परंतु येथे एक पेच आहे, तो सामान्य जनांस ठाऊक नसतो. आतडी मोठी मानी. त्यांस भुलीचे औषध दिले, वरतोन कोणी हात लाविला, की ती रुसोन निजतात आणि सारे कामकाज बंद पाडितात. जागीही एकदम होत नाहीत. लहान आतडे आधी डोळे उघडते, मग जठर, आणि सर्वांच्या मागोन मोठे आतडे आळस देते. ते जागे जाहले हे बाहेरील जगास कळावे कसे? तर दक्षिण दरवाज्यावर तोफ वाजते तेव्हा. म्हणोन सर्जनसाहेबांचे फर्मान निघाले की, जोवर तोफ वाजत नाही तोवर तोंडाने पाण्याचा घोटही देऊ नये, सलाईनवर गुजराण करावी, आणि वाजताच तत्काळ वर्दी द्यावी. जगात ऐसे ठिकाण एकच, जेथे या आवाजाची थोर थोर माणसे कान टवकारोन वाट पाहतात, आणि आमच्या खाशांस नेमके तेथेच निजावे लागले.

शेजारच्या खाटेवर ट्रकवाले होते. हर्नियाच्या मोहिमेतून नुकतेच परतलेले, छाती दारासारखी, आवाज हॉर्नसारखा. त्यांच्या दक्षिण दरवाज्यावर दुसरेच दिवशी ऐसी सरबत्ती जाहली की खिडकीतील कबुतर उडाले. ट्रकवाल्यांनी मूठ वर करोन "सिस्टर! रस्ता मोकळा!" ऐसी ललकारी दिली, वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर हसत आल्या, आणि घटकेत ट्रकवाल्यांपुढे वाफाळते सूप आले. साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरविले. पोटात कावळे ओरडत होते, आणि सुपाचा वास भिंतीपर्यंत येत होता.

मग साहेबांच्या मोहिमेचा तिसरा दिवस उजाडला. बाईसाहेब खाटेपाशी रुमाल ओला करोन साहेबांचे सुकलेले ओठ पुसत होत्या, आणि साहेबांचे मोठे आतडे अंमळ हलले, आणि दक्षिण दरवाज्यावर एक चिमुकली तोफ सुटली. लहानशी, लाजरी, परंतु नि:संशय. झाले, येथेच हाताने दावा साधिला. बाईसाहेबांचा हात, ज्यास संसारभराची सवय, तो बाईसाहेबांस न विचारिता मागे गेला, आणि इस्पितळाची लोखंडी खुर्ची फरशीवर ऐसी खर्रर्रकन ओढिली गेली की ट्रकवाले दचकोन जागे जाहले आणि मोठ्या सिस्टर दारातोन धावत आल्या. "खुर्ची कुणी ओढली? इथे पेशंट झोपलेत ना!" बाईसाहेब म्हणाल्या, "चुकलं हो." ज्या वर्दीसाठी सारे इस्पितळ थांबले होते ती वर्दी त्या खुर्चीखाली चिरडली गेली.

थोड्याच वेळात सर्जनसाहेबांची फेरी आली. सोबत दोन शिकाऊ डॉक्टर, मोठ्या सिस्टर, फरशी पुसणाऱ्या मावशी, पलीकडे ट्रकवाले आणि त्यांची बायको, आणि हा जावई. सर्जनसाहेब, जे वयाने साहेबांच्या लेकीएवढे, यांनी भर दरबारात, खणखणीत आवाजात पुशिले, "काय आजोबा, गॅस पास झाला का?"

साहेबांस दोन घाव एकदम लागले, एक 'आजोबा' आणि दुसरा तो सवाल. चेहरा लाल जाहला, तर्जनी सवयीने अर्धी वर आली, आणि खासे बोलले, "नाही."

बाईसाहेबांनी फरशीकडे पाहिले. खरे ठाऊक असणारी मनुष्ये त्या दालनात दोनच, आणि दोघेही तहाने बांधलेले. नवऱ्याने सर्वांदेखत नाही म्हटल्यावर बायकोने "अहो, झाला की" ऐसे म्हणावे कसे? आणि म्हटले तर खुर्ची का ओढिली हेही सांगावे लागणार. बाईसाहेब पदराशी चाळा करीत राहिल्या. सर्जनसाहेबांनी पोटावर नळी लावोन ऐकिले, कपाळास आठी घातली, आणि वाट पाहावी ऐसा हुकूम करोन पुढे गेले. या जावयास तेव्हा काही कळले नाही याची लाज वाटते, परंतु सासऱ्याच्या पाठीमागे काय चालले आहे हे जाणणे जावयाच्या कामात मोडत नाही.

येथोन पुढे खरा वेढा पडला, आणि नवल ऐसे की वेढा आतोन होता. एकदा नाही म्हटल्यावर साहेबांस पुढची तोफ परवडणार नव्हती. आता दक्षिण दरवाज्याची रचना सांगितली पाहिजे. तेथे दरवाजे दोन, एकामागे एक. आतल्या दरवाज्यावरचा पहारेकरी कोणाचे ऐकत नाही, मागोन दाब आला की तो आपणच उघडतो. बाहेरचा पहारेकरी मात्र खाशांचा खास नोकर, मालकाचा शब्द आल्यावाचोन कडी काढीत नाही. दोहोंच्या दरम्यान एक जासूद बसतो, तो या साऱ्या राज्यातील सर्वांत हुशार असामी. आलेला माल वारा आहे, पाणी आहे की घट्ट आहे, हे तो अंधारात नुसत्या स्पर्शाने ओळखोन वर कळवितो. चारचौघांत निश्चिंतपणे बसता येते ते याच्या भरवशावर. जासुदाने वर्दी दिली, "वाराच आहे, सोडावा." आतल्याने दार उघडले. आणि साहेबांनी बाहेरच्यास हुकूम दिला, "खबरदार!"

मग वारा मागे फिरला, आणि दुसरा वारा येऊन त्यास मिळाला, आणि साहेबांचे पोट फुगोन चादरीखाली उशी दडविल्यासारखे दिसू लागले. टाके ताणले, कळा उठू लागल्या. ट्रकवाल्यांनी शेजारधर्माने सल्ला दिला, "साहेब, लाजू नका, बिनधास्त पादून टाका. इथे कोण ओळखतंय आपल्याला?" साहेबांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की जणू त्यांनी पुस्तकाचे पान दुमडिले. मोठ्या सिस्टरांनी कुशीवर वळविले, चालविले, पाठ चोळिली, सारे उपाय केले. साहेब शरीराने चालले, परंतु पहारा हलला नाही.

संध्याकाळी सर्जनसाहेब पुन्हा आले आणि फुगलेले पोट पाहोन त्यांचे तोंडचे हसू पळाले. त्यांनी या जावयास व्हरांड्यात नेले आणि सांगितले, "सकाळपर्यंत गॅस पास नाही झाला तर नाकातून नळी घालावी लागेल. स्कॅन काढू. आत कुठे अडलं असेल तर पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते. वय बघता मला ते नको आहे." हे शब्द बाईसाहेबांनी दाराआड उभ्या राहोन ऐकिले. त्यांच्या पोटात गोळा आला, आणि तो गोळा त्या रिकाम्या पोटात एकटाच होता. कारण पुढे उघड जाहले.

सकाळ जाहली. फेरी यावयास अवकाश होता. साहेब डोळे मिटोन, दात आवळोन पडले होते, बाईसाहेब लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या, हा जावई पायथ्याशी उभा होता. दालन शांत, साहेबांस आवडावे ऐसे शांत. आणि त्या शांततेत एक लांबलचक, खोल, गुरगुरणारा आवाज उठला. साहेबांचे डोळे उघडले. आवाज त्यांच्या पोटाचा नव्हता. तो बाईसाहेबांच्या पोटाचा होता.

जठर रिकामे असले म्हणजे त्याच्या भिंती आपोआप आवळतात आणि आतला वारा आणि पाणी खळबळते, त्याचा हा आवाज. बाईसाहेब रोज "कॅन्टीनमध्ये जेवून आले" ऐसे सांगत आल्या होत्या. कॅन्टीनवाल्याने त्यांस चहापलीकडे काही घेताना देखिले नव्हते. नवऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि आपण कसे जेवावे, ऐसी त्यांची मसलत, ती त्यांनी कोणास सांगितली नाही.

आता कायद्याप्रमाणे साहेबांनी तो आवाज जाहलाच नाही ऐसे समजावयाचे. साहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलेही. मग कायदा ज्याने केला त्यानेच मोडिला. साहेब बोलले, "तू जेवली नाहीस?"

बाईसाहेब दचकल्या. पोटाच्या आवाजावर त्या संसारात निघालेला तो पहिला शब्द. त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात की जेवेन."

"वेडी आहेस का?"

"तुमच्याइतकी नाही." बाईसाहेबांचा आवाज चढला, आणि या जावयाने सासूबाईंचा चढलेला आवाज प्रथमच ऐकिला. "परवा, नाही, काल सकाळी झालं होतं. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. मीच ही मेली खुर्ची ओढली. आणि तुम्ही त्यांना नाही म्हणालात. आता ते नाकात नळी घालणार आहेत, पुन्हा पोट फाडायचं म्हणतायत. कशासाठी हो? लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. रोज ऐकतेय. काय बिघडलं आपलं त्यानं?"

साहेबांची खरोखर समजूत ऐसी की खुर्चीच्या आवाजात बाईसाहेबांस काही ऐकू येत नसावे. ज्या मनुष्याने आवाज बुडावा म्हणोन खुर्ची ओढिली त्याने तो आधी ऐकिला असलाच पाहिजे, हा साधा हिशेब हजारो पुस्तकांच्या राखणदारास इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

इतक्यात सर्जनसाहेबांची फेरी दारातोन आत आली, मागे सारा लवाजमा, आणि मोठ्या सिस्टरांच्या हाती तबक, तबकात ती नळी, गुंडाळी करोन निजलेली. बाईसाहेबांनी नळी देखिली. मग त्या खुर्चीवर घट्ट बसल्या, दोन्ही हातांनी बैठकीच्या कडा धरिल्या, पाय फरशीस टेकविले, आणि साहेबांच्या डोळ्यांत पाहोन बोलल्या, "अहो, मी आता खुर्ची ओढणार नाही."

खुर्चीची कुमक काढोन घेतली गेली. साहेबांनी सभोवार पाहिले. सर्जन, शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, फरशीवाल्या मावशी, ट्रकवाले, ट्रकवाल्यांची बायको, जावई. मग त्यांनी बायकोकडे पाहिले, तिच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे, कडा धरोन पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. आणि साहेबांनी डोळे मिटोन बाहेरच्या पहारेकऱ्यास कडी काढण्याचा हुकूम दिला.

काय वर्णावे. प्रथम एक लांब कर्ण्यासारखा सूर निघाला, तो चढत गेला, मग क्षणाची विश्रांती, आणि मग खाशी तोफ सुटली, आणि तिच्या पाठोपाठ लहान तोफा, मग जंबुरे, मग नुसती बंदुकांची फैर, आणि जेव्हा सर्वांस वाटले की दारूगोळा सरला तेव्हा शेवटचा एक बार, जो ट्रकवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या ट्रकासही काढता आला नसता. त्या दालनात कोणी हलले नाही. खुर्ची हलली नाही. साहेबांचे पोट सर्वांच्या डोळ्यांदेखत खाली बसले, चादर सपाट जाहली, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर ऐसे सुख पसरले की या जावयाने ते आपल्या लग्नातही त्यांच्या तोंडावर देखिले नव्हते.

"वा, साहेब, वा!" ट्रकवाले टाळ्या पिटोन ओरडले. सर्जनसाहेबांनी तोंडावर हात धरिला, परंतु खांदे हलत होते. मोठ्या सिस्टरांनी तबक झाकोन मागे नेले. आणि साहेबांनी, सारे ऐकत असता, ग्रंथपालाच्या स्वच्छ आवाजात वर्दी दिली, "डॉक्टर, झाला. आणि काल सकाळीही झाला होता. मी खोटं बोललो."

बाईसाहेब खुर्चीवरच रडू लागल्या, आणि रडता रडता हसू लागल्या, आणि त्यांच्या पोटाने पुन्हा गुरगुर केली, आणि ती निघालीच नाही ऐसे या खेपेस कोणी समजले नाही.

मग सूप आले. पहिला चमचा साहेबांनी घेतला, महादरवाजा उघडला, झाकण पडले, घाटाने आपली लाट उठविली, जठराने अंगरखा सावरला, नाकेदार उठोन उभा राहिला, दिवाणांनी पित्ताची थैली मोकळी केली, आणि वीस फुटांची मखमल जी रुसोन निजली होती ती जागी होऊन सुपाची वाट पाहू लागली. दुसरा चमचा साहेबांनी बाईसाहेबांपुढे धरिला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या की पेशंटचा चमचा दुसऱ्याने तोंडात घालू नये, आणि दुसरी वाटी आणोन दिली.

स्वारी घरी परतोन काही दिवस गेले, आणि हा जावई समाचारास गेला असता जे घडले ते सांगोन मजकूर पुरा करितो. दुपारी तिघे टेबलापाशी बसलो होतो. बाईसाहेब पाण्याचा तांब्या घ्यावयास वाकल्या, आणि त्यांच्या दक्षिण दरवाज्यावर एक बारीकशी तोफ सुटली. आजवर त्या घरात त्यांची तोफ कधी कोणी ऐकिली नव्हती. खुर्ची ओढणारीच स्वतः असल्यावर तिच्या तोफेसाठी खुर्ची कोण ओढणार, म्हणोन त्या संसारभर पहाऱ्यावर राहिल्या होत्या, हे तेव्हा ध्यानात आले. बाईसाहेब वाकल्या तैशाच थांबल्या, कानशिले लाल. या जावयाने खिडकीबाहेर पाहिले.

आणि ग्रंथपालसाहेब उठले. टाके अजोन ओले, वाकावयाची मनाई, तरी उठले. ज्या हाताने वकिलांची आणि अध्यक्षांची कार्डे जप्त केली त्या हाताने त्यांनी आपल्या खुर्चीची पाठ धरिली, आणि ती खुर्ची टेबलापासोन थेट भिंतीपर्यंत, खर्रर्रर्रकन, सावकाश, पुरी लांबी ओढीत नेली.

बाईसाहेब म्हणाल्या, "उशीर झाला हो. ऐकू आलं."

साहेब म्हणाले, "मला नाही आलं."

मग दोघे ऐसे हसले की साहेबांस टाक्यांवर हात दाबोन धरावा लागला.

येणेप्रमाणे अपेंडिक्स जागीरदाराचे बंड मोडिले, आतड्यांचा रुसवा काढिला, दक्षिण दरवाजा मोकळा जाहला, आणि घरातील जुना तह रद्द होऊन नवा तह उभयपक्षी मान्य जाहला. फरशीवर जुन्या चंद्रकोरीसमोर एक नवा लांब चरा पडला आहे, तो साहेबांनी पुसू दिला नाही. आत्याबाईसाहेबांनी हुकमाप्रमाणे काही गाळिलेले नाही याची खातरी बाळगावी, गुडघ्यास जपावे, आणि भावास फोन करितील तेव्हा फत्ते कळाली इतकेच बोलावे, म्हणजे ते काय ते समजतील.